खांब आपले होते, वही कोणाची होती?

आपल्या भागात सबस्टेशनांच्या आसपास सौर प्रकल्प उभे राहायला लागलेत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि दरसाल तीन टक्के वाढ. मुरमाड, पडीक रानाला हा भाव काही वाईट नाही. पण काही तरुण पोरं आता वेगळंच विचारायला लागलीत. जमीन आपली, ऊन आपलं, वीज जाणार आपल्याच मोटारींना, मग नुसतं भाडंच का घ्यायचं? प्रकल्प गावच्या सोसायटीचाच का नको? केंद्राच्या कुसुम योजनेत पाचशे किलोवॉट ते दोन मेगावॉटचा प्रकल्प सहकारी संस्था, शेतकरी गट, ग्रामपंचायत कुणीही टाकू शकतं, असं कागदावर लिहिलेलंच आहे.

पोरांचं बोलणं पुरं व्हायच्या आत पारावरचा कुणीतरी जाणता म्हणतो, "मुळा-प्रवराचं काय झालं ते बघितलं ना?" झालं, विषय तिथंच संपतो.

मला वाटतं तो तिथून सुरू व्हायला पाहिजे. मुळा-प्रवरा बुडाली म्हणजे सहकारी वीज बुडतेच, असा धडा आपण सगळ्यांनी घेतला. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. त्या संस्थेकडे खांब होते, तारा होत्या, डीपी होत्या, श्रीरामपुरात ऑफिस होतं, संचालक मंडळ होतं, निवडणुका होत होत्या. धड नव्हती ती एकच गोष्ट. वीज मोजणारा काटा आणि तो हिशोब सभासदासमोर उघडा ठेवणारी वही. आज सौर विजेच्या काळात ती वही मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये जाऊन बसलीय. तीही आपली नसेल, तर पॅनलवर सोसायटीचं नाव रंगवून उपयोग काय? पोस्ट लांबलचक आहे. चहा घेऊन बसा.

सहकार म्हणजे काय हे आपल्या जिल्ह्याला शिकवायची गरज नाही. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांकडून शेअर गोळा केले, धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थतज्ज्ञ पाठीशी उभा राहिला आणि १९५०-५१ ला प्रवरेच्या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम झाला. हे पाठ आहे सगळ्यांना. पण कारखाना आपला झाला म्हणजे शेतकऱ्याला नेमकं मिळालं काय? यंत्रं मिळाली, बॉयलर मिळाला हे खरंच. पण त्याच्याही आधी, गेटवरचा वजनकाटा आपला झाला. ऊस किती टन भरला हे सांगणारा माणूस आपल्या संस्थेचा पगारदार झाला. गुजरातेत १९४६ साली त्रिभुवनदास पटेलांनी आणंदला दूध संघ उभा केला, त्यातही हीच गोम होती. दूध गावातच मोजलं जायचं, पैसे फॅटवर मिळायचे आणि फॅट दूध घालणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लागायची. व्यापाऱ्याची मक्तेदारी मोडली ती तिथं.

आता उलटी बाजू. आज सहकारी कारखान्याच्या काट्यावरसुद्धा लोकांचा भरवसा उरलेला नाही. दर हंगामाला काटामारीची ओरड होते, भरारी पथकं नेमा म्हणून निवेदनं दिली जातात. कारखाना सभासदांचा, काटा मात्र सभासदांचा नाही. म्हणजे मालकी आणि काटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक आली म्हणून दुसरी आपोआप येत नाही. विजेच्या बाबतीत तर हे फारच खरं आहे. ऊस डोळ्यांनी दिसतो, दूध दिसतं. वीज दिसत नाही. ती फक्त मीटरवर दिसते.

सहकारी विजेची कल्पना आपल्याकडे आली अमेरिकेतून. हे ऐकून बऱ्याच जणांना नवल वाटतं, कारण अमेरिका म्हणजे कंपन्यांचा देश अशी आपली समजूत. १९३५ च्या सुमाराला अमेरिकेत शहरात झगमगाट होता, पण शेतावरच्या दहा घरांतल्या जेमतेम एका घरात वीज होती. खासगी कंपन्या म्हणायच्या, मैलभर तार ओढायची आणि वाटेत घरं किती तर दोन-तीन, खांबांचाही खर्च निघणार नाही. रूझवेल्ट सरकारनं १९३५ साली ग्रामीण विद्युतीकरणासाठी वेगळं खातं काढलं, पुढच्या वर्षी कायदा केला, स्वस्त कर्ज द्यायला सुरुवात केली. कर्ज घ्यायला पुढं आल्या त्या मुख्यतः शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था. घरटी पाच डॉलर सभासद फी. वीस वर्षांच्या आत दहातल्या नऊ शेतांवर वीज गेली. आज तिथं नऊशेच्या आसपास सहकारी वीज संस्था आहेत आणि चार कोटींवर लोक त्यांची वीज वापरतात.

या गोष्टीतला एक बारकावा मला फार आवडतो. सुरुवातीच्या कित्येक संस्थांना मीटर रीडर ठेवायला परवडत नव्हतं. मग सभासदच स्वतःचं मीटर वाचायचा, कार्डावर आकडा लिहायचा, किती झाले त्याचा गुणाकार करायचा आणि कार्ड पैशांसकट संस्थेकडे पाठवून द्यायचा. आपल्याकडे असं केलं असतं तर काय झालं असतं, हे बोलायची गरज नाही, हसू येतंच. पण त्यातून एक गोष्ट घडली. आपण किती युनिट जाळलं हे घरातल्या प्रत्येकाला कळायला लागलं. मीटर ही संस्थेनं आपल्यावर लावलेली पाळत नाही, तो आपलाच काटा आहे, ही समज रुजली.

मग १९६० च्या दशकात याच अमेरिकन संस्थांचा राष्ट्रीय संघ, तिथल्या सरकारी मदतसंस्थेच्या पैशावर, परदेशात सहकारी विजेचा प्रसार करायला निघाला. भारतात १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झालं आणि प्रयोग म्हणून देशात पाच ठिकाणी सहकारी वीज संस्था काढायचं ठरलं. आंध्रात सिरसिल्ला, कर्नाटकात हुक्केरी, गुजरातेत कोडिनार, उत्तर प्रदेशात लखनौ आणि महाराष्ट्रात आपली मुळा-प्रवरा. जागा निवडणाऱ्यांनी डोकं वापरलं होतं. दोन नद्यांचं पाणी, पाट, ऊस, विहिरी, साखर कारखान्यांनी तयार केलेली सहकाराची सवय, हे सगळं इथं आयतं होतं. १९६९ ला संस्था नोंदली गेली, १९७१ पासून वितरण सुरू झालं. श्रीरामपूर, राहुरी आणि शेजारच्या संगमनेर, नेवासा, राहाता भागातली गावं तिच्या हद्दीत होती.

पहिली काही वर्षं लोक चांगलं बोलतात, आणि ते खोटं नाही. मंडळाच्या ऑफिसात जोडणीसाठी वर्षानुवर्षं खेटे घालावे लागत त्या काळात इथं विहिरींवर मोटारी पटापट बसल्या. वायरमन ओळखीचा होता. डीपी जळाली की कुणाच्या घरी जाऊन ओरडायचं ते माहीत होतं. वीजही सहकारी असू शकते, हे त्या काळात आपल्या भागानं राज्याला दाखवलं.

संस्था वीज तयार करत नव्हती हे मात्र लक्षात ठेवा. ती वीज मंडळाकडून घाऊक घ्यायची आणि किरकोळ विकायची. म्हणजे घ्यायच्या जागी मीटर, तिथं युनिटला युनिट मोजलेलं. विकायच्या जागी काय? तर १९७७ च्या सुमारापासून राज्यात शेतीपंपांना हॉर्सपॉवरवर बिल सुरू झालं. पाच हॉर्सपॉवरची मोटर असेल तर ती दोन तास चालो की बारा तास, बिल तेवढंच. शेतकऱ्याला ते सोपं वाटलं, पुढाऱ्याला गोड वाटलं, रीडरचे पाय वाचले. आमच्या भागातही बहुतेक शेती अशीच बिनमीटरची राहिली. आणि शेती हाच तर इथला मोठा गिऱ्हाईक होता.

आता विचार करा. एखाद्या डेअरीत संघाकडून येणारं दूध लिटरवर मोजलं जातंय आणि विकताना मात्र "घरात माणसं किती" यावर पैसे घेतले जातात. संध्याकाळी कॅन रिकामा झाला. किती विकलं, किती सांडलं, किती मांजरानं प्यायलं, सांगता येईल का? वीज संस्थेचं तेच झालं. घेतलेली युनिटं माहीत, घर-दुकान-कारखान्यांच्या मीटरवर उठलेली युनिटं माहीत. उरलेल्यातली मोटारींनी किती ओढली आणि तारांत, आकड्यांत, चोरीत किती गेली, याचा फक्त अंदाज. शेतीचा वापर जास्त दाखवला की गळती कमी दिसते. गळती जास्त मानली की शेतीचा वापर कमी होतो. सगळा मामला पेन्सिलीवर.

यात मुळा-प्रवरा एकटी नव्हती. अख्खं वीज मंडळ हेच करत होतं. मंडळाची गळती सतरा-अठरा टक्के आहे असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. पुण्याच्या प्रयास संस्थेनं आकड्यांच्या मागं लागून हा मुद्दा लावून धरला, आणि नियामक आयोग आल्यावर २००० च्या सुमाराला दरवाढीच्या सुनावणीत गळती तीस टक्क्यांच्या वर असल्याचं पुढं आलं. सगळी गळती शेतकऱ्याच्या नावावर खपवली जात होती. "शेतकरी फुकट वीज जाळतो" हे जे आपण अजून ऐकतो, त्यातलं बरंचसं या पेन्सिलीनं लिहिलेलं आहे. मंडळामागं निदान सरकार उभं होतं. लहान संस्थेमागं कोण?

पुढचं तुम्हाला माहीत आहे. घाऊक वीज कोणत्या दरानं, शेतीच्या सवलतीची भरपाई कोणी करायची, यावर संस्था आणि मंडळ कोर्टात गेले. थकबाकी फुगत गेली, शेवटी दोन हजार कोटींच्या पुढचा आकडा सांगितला जायला लागला. संस्थेत सत्ता कुणाची होती हे तालुक्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे, त्यामुळं विरोधक म्हणायचे खाल्ले, सत्ताधारी म्हणायचे मंडळानं मुद्दाम मारलं. दोघांचंही थोडंफार खरं असेल. पण यातलं काहीही सिद्ध करायला किंवा खोडायला लागतात ते गावनिहाय, फीडरनिहाय मोजलेले आकडे. तेच नव्हते. वार्षिक सभेत ताळेबंद वाचला जायचा, मंजूर-मंजूर व्हायचं. पण "आमच्या फीडरला किती आली आणि किती विकली" हा प्रश्न सभासदाला विचारायला जागाच नव्हती, कारण उत्तर कोणाकडेच नव्हतं.

जानेवारी २०११ मध्ये नियामक आयोगानं या भागाचा परवाना महावितरणला दिला आणि १ फेब्रुवारीपासून वीजपुरवठा महावितरणकडे गेला. इथं एक गंमत झाली, म्हणजे दुःखाची गंमत. खांब आणि तारा संस्थेच्याच राहिल्या. वीज महावितरणची, मीटर वाचणारा महावितरणचा, बिल महावितरणचं, आणि ते सगळं वाहून नेणाऱ्या तारा सहकारी संस्थेच्या. त्या वापराचे पैसे किती द्यायचे यावर पुन्हा आयोग, पुन्हा न्यायाधिकरण. रातोरात वीज कंपनीची जागा-मालक झाली. बिल बनवणारा तो धंद्याचा मालक, लोखंड ज्याचं त्याला भाडं, हे आपल्या श्रीरामपुरानं प्रत्यक्ष बघितलंय.

आता पुन्हा अमेरिकेकडे जाऊ. गोष्टीचा जो भाग आपल्याकडे आलाच नाही, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

१९६० च्या दशकात तिथल्या खेड्यातल्या वीज संस्थांपुढं एक नवीन अडचण आली. सभासद वाढले, हातानं बिलं लिहिणं जमेना. कॉम्प्युटर निघाले होते, पण ते खोलीभर मोठे आणि एकट्या-दुकट्या संस्थेच्या ऐपतीबाहेरचे. बाहेरच्या कंपनीला हिशोब द्यायचा तर ती म्हणेल तो दर. मग त्यांनी काय केलं? ट्रॅक्टर घेताना चार शेतकरी करतात तेच केलं. मिझुरीतल्या संस्थांनी मिळून, तिकडं उत्तर डकोटातल्या संस्थांनी मिळून, हिशोब करणाऱ्या सहकारी संस्था काढल्या. सभासद कोण, तर वीज संस्था. काम काय, तर सगळ्यांची मीटर रीडिंगं गोळा करून बिलं काढणं. अटलांटाकडच्या संस्थांनी अशीच आणखी एक काढली. मिझुरी आणि उत्तर डकोटाच्या संस्था २००० साली एकत्र आल्या, तिचं नाव नॅशनल इन्फर्मेशन सोल्युशन्स कोऑपरेटिव्ह. आज ती बिलाचं सॉफ्टवेअर, मीटरच्या डेटाची यंत्रणा, सभासदाच्या मोबाईलवरचं अ‍ॅप, सगळं बनवते आणि देशभरातल्या शेकडो संस्था ते वापरतात. सॉफ्टवेअरची मालकी त्यांचीच. वर उरलेला पैसा सभासद संस्थांनाच परत.

हल्ली "प्लॅटफॉर्म सहकार" असा शब्द निघालाय. न्यूयॉर्कमधले प्राध्यापक ट्रेबर शोल्झ यांनी २०१४ मध्ये तो मांडला. टॅक्सीचं अ‍ॅप ड्रायव्हरांचं असावं, घरकामाचं अ‍ॅप काम करणाऱ्या बायांचं असावं, असा तो विचार. चांगला आहे. पण डकोटाच्या शेतकऱ्यांनी हे पन्नास वर्षं आधी करून ठेवलं होतं, त्याला काही मोठं नाव न देता. आणि अमेरिकन तज्ज्ञ आपल्याकडे सहकारी वीज घेऊन आले तेव्हा तिकडं या हिशोब-संस्था नुकत्याच उभ्या राहत होत्या. आपल्याकडे खांब-तारांचा सहकार आला, वहीचा सहकार तिकडंच राहिला. सिरसिल्ला, हुक्केरी, कोडिनार, लखनौ, श्रीरामपूर या पाचांनी मिळून एक सामाईक हिशोबघर काढलंय, असं काही घडलं नाही. पाच संस्था पाच बेटांसारख्या राहिल्या.

अमेरिकेचं फार कौतुकही नको. तिथल्या बहुतेक वीज संस्थांत निवडणुकीला दहा टक्केसुद्धा सभासद फिरकत नाहीत, वर्षानुवर्षं तेच ते लोक बोर्डावर. सहकारातला हा रोग सगळीकडे सारखाच दिसतो. पण मतदान न करणाऱ्या सभासदाचंही मीटर बरोबर वाचलं जातं आणि त्याच्या बिलाची वही त्याच्याच संस्थेच्या संस्थेकडे असते, हा फरक छोटा नाही.

आपल्या जवळचं उदाहरण हवं तर गुजरातेत चला. खेडा जिल्ह्यात ठासरा तालुक्यात धुंडी नावाचं गाव आहे. अमूल जिथं जन्मली त्याच मुलखातलं. तिथं तुषार शहा आणि आणंदच्या पाणी संशोधन केंद्रातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. सहा शेतकऱ्यांचे सौरपंप एकत्र जोडले, सगळे मिळून साधारण छप्पन्न किलोवॉट, आणि २०१६ साली सहकारी मंडळी नोंदली. सौर सिंचनाची ही जगातली पहिली सहकारी संस्था मानतात. पिकाला पाणी द्यायचं असेल तेव्हा पॅनलची वीज पंपाला, नसेल तेव्हा ग्रीडला. वीज कंपनीशी पंचवीस वर्षांचा करार, युनिटला चार रुपये त्रेसष्ट पैसे. बदल्यात त्या शेतकऱ्यांनी पंचवीस वर्षं सवलतीची शेतीजोडणी मागायची नाही, असं लिहून दिलं.

आता यातली खुबी बघा. वीज कंपनी मीटर वाचते फक्त एक, जिथून सगळ्यांची वीज एकत्र होऊन बाहेर जाते तिथलं. एकच बिल, एकच पेमेंट, तेही मंडळीच्या नावावर. आत प्रत्येक पंपाला वेगळं मीटर, ते मंडळीचं. कोणी किती वीज दिली त्याप्रमाणे पैसे मंडळी वाटते. सहा जणांना एकमेकांचे आकडे दिसतात, आणि आतल्या सहांची बेरीज बाहेरच्या एकाशी जुळायला लागते. जुळली नाही तर त्याच दिवशी कळतं, चाळीस वर्षांनी कोर्टात नाही. दूध संघाच्या गावातल्या लोकांना हे शिकवावं लागलं नसणार. सकाळ-संध्याकाळ डेअरीच्या वहीत ते हेच करतात.

धुंडीला पैशाचा मोठा भाग संशोधन संस्थेनं घातला होता, त्यामुळं उद्या उठून प्रत्येक गावाला तसंच जमेल असं मी म्हणत नाही. एक मेगावॉटला साडेतीन-चार कोटी लागतात, ते कुठून आणायचे हा वेगळा आणि मोठा लेख आहे. मी बोलतोय ते वहीबद्दल.

कारण धुंडीची वही अजून डोळ्यांना दिसणारी आहे. आपल्याकडे येणारी तशी नाही. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं, म्हणून शहरातल्या, गावातल्या बऱ्याच छतांवर आता पॅनल आहेत. बातमीच्या निमित्तानं मी अशी कितीतरी घरं बघितली. मालक कौतुकानं मोबाईल काढतो, अ‍ॅप उघडतो, "आज चौदा युनिट झाली" म्हणून दाखवतो. मी विचारतो, पासवर्ड कोणाचा? बऱ्याच ठिकाणी मूळ खातं पॅनल बसवणाऱ्या एजन्सीच्या नावावर असतं आणि घरमालक त्यात पाहुणा. एजन्सीनं दुकान बंद केलं की अ‍ॅपही बंद. पॅनल चालू असतं, वीज तयार होत असते, पण किती, ते मालकाला माहीत नाही. मूळ डेटा तर इन्व्हर्टर बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, तो सर्व्हर कोणत्या देशात हे विचारूच नका.

हा फक्त आकडे दिसण्या-न दिसण्याचा प्रश्न असता तर सोडून दिला असता. पण आजचा इन्व्हर्टर दुरून चालू-बंदही करता येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत एका चिनी कंपनीचे इन्व्हर्टर व्यापारी भांडणातून दुरूनच बंद पाडल्याच्या बातम्या आल्या होत्या. लोकांच्या छतावरचं, लोकांनी पैसे मोजून घेतलेलं यंत्र, स्क्रीनवर एक सूचना आणि काम बंद. मुळा-प्रवराच्या वेळी निदान मीटर चुकीचं असलं तर वायरमनला बोलावून भांडता यायचं. इथं भांडायचं कोणाशी?

युरोपात काही वीज संस्थांनी हे आधीच ओळखलं. स्पेनच्या कॅटलोनियात जिरोना शहरात २०१० च्या अखेरीला सोम एनर्जिया नावाची संस्था निघाली. हरित वीज बाजारातून घेऊन सभासदांना विकते, माणशी एक मत. तिनं आपल्या कामाचं बरंचसं सॉफ्टवेअर खुलं ठेवलंय, कोणीही उघडून बघावं, वापरावं. त्याच भागातली विजेच्या गाड्या सामाईक वापरणारी एक संस्था आणि बेल्जियममधली तशीच एक, या दोघींनी २०१८ मध्ये मिळून आणखी एक संस्था काढली, तिचं नाव मोबिलिटी फॅक्टरी. तिचं काम एकच, गाडी बुक करायचं, कुलूप उघडायचं, हिशोब करायचं अ‍ॅप बनवणं आणि सांभाळणं. सभासद म्हणजे वेगवेगळ्या देशांतल्या सहकारी संस्था. प्रत्येकीनं स्वतंत्र अ‍ॅप बनवायचं म्हटलं असतं तर दिवाळं निघालं असतं. डकोटाच्या शेतकऱ्यांचीच युक्ती, फक्त कॉम्प्युटर खोलीभर होता तो आता खिशात आलाय.

आपल्या देशातही हालचाल सुरू आहे. केंद्राच्या ऊर्जा खात्यानं २०२५ मध्ये इंडिया एनर्जी स्टॅक नावाचं काम हातात घेतलं, मार्गदर्शक नंदन निलेकणी. यूपीआयनं पैशाचं जे केलं ते विजेचं करायचं, म्हणजे ग्राहक, मीटर, सौर प्रकल्प यांना ओळख क्रमांक, सगळ्यांच्या यंत्रणा एकमेकांशी बोलतील अशी रचना. उत्तर प्रदेशात तर छतावरची वीज शेजाऱ्याला विकायचे नियमही झाले. उद्या हे आपल्याकडे येईल. पण यूपीआयचा अनुभव काय सांगतो? रस्ता सार्वजनिक झाला आणि त्यावरची बहुतेक वाहतूक दोन-तीन कंपन्यांच्या अ‍ॅपवर गेली. विजेच्या रस्त्यावर सोसायटीची गाडी असणार का, हे आत्ता ठरतंय आणि सहकाराच्या जिल्ह्यात त्यावर एक चर्चासत्र झालेलं मी ऐकलं नाही.

म्हणून सौर सोसायटीचा विचार करणाऱ्या पोरांना माझं सांगणं आहे की पॅनलचं कोटेशन मागवायच्या आधी उपविधीचा कागद घ्या. आतली मीटरं संस्थेची असतील आणि त्यांचे आकडे रोज सगळ्या सभासदांना दिसतील, हे त्यात लिहा. इन्व्हर्टरचं मूळ खातं संस्थेच्या नावावर राहील, ठेकेदाराला फक्त दुरुस्तीपुरता प्रवेश, आणि करार संपला की सगळा जुना डेटा उघड्या स्वरूपात परत, हे ठेक्यात लिहा. वार्षिक सभेत ताळेबंदाच्या आधी "तयार झालेली युनिटं, विकलेली युनिटं, न जुळलेली युनिटं" हे पान वाचलं जाईल, हेही लिहा. एकट्या गावाला सॉफ्टवेअर परवडणार नाही, हे उघड आहे. पण जिल्हा बँकेनं गावोगावच्या सोसायट्यांची खाती सांभाळलीच की. तालुक्यातल्या दहा सोसायट्यांचं एक हिशोबघर काढायला कोणता कायदा आडवा येतो?

आणि पारावरच्या जाणत्यांसाठी एक माहिती. त्या पाचांतल्या दोन संस्था अजून चालू आहेत. तेलंगणात सिरसिल्ला, जिथल्या यंत्रमागवाल्यांचे नातेवाईक आपल्या सोलापुरात, भिवंडीत आहेत. आणि इथं शेजारी बेळगाव जिल्ह्यात हुक्केरी. २०२५ मध्ये हुक्केरीच्या वीज संस्थेची निवडणूक तिथल्या मोठ्या पुढाऱ्यांनी आमदारकीसारखी लढवली. ज्या संस्थेत काही उरलेलं नाही तिच्यासाठी पुढारी एवढा घाम गाळत नसतात. मी लवकरच तिकडं जाऊन त्यांची बिलाची पद्धत बघून येणार आहे, जमलं तर त्यावर वेगळं लिहीन.

तोवर एक काम तुमच्याकडे. मुळा-प्रवराचे १९७५ ते १९९० मधले वार्षिक अहवाल कुणाच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या रद्दीत पडले असतील तर खाली काढा. मला त्यातलं एकच पान बघायचंय, घेतलेली युनिटं आणि विकलेली युनिटं. फोटो काढून पाठवला तरी चालेल. वर्षाचा आकडा दिसेल असा काढा म्हणजे झालं.